पत्र्याखालची वर्षे

आपल्याकडे मोठी आपत्ती कोसळली की दोन शब्द हमखास ऐकू येतात. ‘युद्धपातळीवर’ आणि ‘तात्पुरता’. पहिल्या शब्दाचे आयुष्य फार तर पंधरा दिवसांचे. दुसऱ्याचे किती, हे मात्र ज्यांना तात्पुरत्या निवाऱ्यात राहावे लागले त्यांनाच विचारावे लागते. पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला तो ३० जुलै २०१४ रोजी. दीडशेहून अधिक माणसे गेली. नव्या माळीणचे लोकार्पण झाले ते २ एप्रिल २०१७ रोजी. म्हणजे मागे उरलेल्यांनी दोन वर्षे आठ महिने तात्पुरत्या निवाऱ्यात काढले. त्याच्या वीस वर्षे आधी लातूर-उस्मानाबादच्या भूकंपग्रस्तांनी कुणी दोन, कुणी तीन, कुणी चार वर्षे पत्र्याखाली घालवली. एवढ्या काळात पाळण्यातले मूल शाळेच्या वयाचे होते, मुलगी लग्नाची होते, घरातले म्हातारे माणूस निघून जाते. सरकारी कागदावर मात्र तो काळ ‘तात्पुरता’च राहतो.

म्हणूनच निवाऱ्याच्या बाबतीत पहिल्या पंधरा दिवसांत जे ठरते तेच पुढे टिकते, असे माझे मत झाले आहे. शेड कुठे उभारायची, शेजारी कोण असणार, दाराला कडी आहे की नाही, चूल कुठे मांडायची, यादीत नाव कोणाचे घालायचे, हे प्रश्न कुणीतरी घाईघाईत कागदावर सोडवतो आणि माणसे ती उत्तरे वर्षानुवर्षे जगत राहतात. १९९३ च्या हिवाळ्यात बँकेने मला किल्लारीच्या बाजूला पाठवले नसते, तर हे माझ्याही ध्यानात आले नसते.

भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, लोक उशिरा झोपलेले. आदल्या वर्षीही त्या परिसरात हादरे जाणवले होते. काही दिवस लोक धास्तावले आणि मग सवयीने पुन्हा घरात झोपू लागले. रिश्टर मापनावर या धक्क्याची नोंद ६.४ झाली. जगाच्या हिशेबात हा फार मोठा भूकंप नव्हे. तरीही सुमारे आठ हजार माणसे गेली. काही नोंदींत हा आकडा दहा हजारांच्या जवळ जातो. औसा तालुक्यातले किल्लारी आणि उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातले सास्तूर ही नावे त्या दिवसापासून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाली.

माणसे मारली ती घरांनी. मराठवाड्याच्या त्या पट्ट्यातले घर म्हणजे काळ्या दगडाच्या दोन-तीन फूट जाड भिंती, मातीत रचलेल्या, आणि वर माळवद. लाकडी खांब आणि तुळयांवर मातीचा जाड थर, दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची. वर्षानुवर्षे हा थर वाढतच जातो. उन्हाळ्यात असे घर आतून गार, थंडीत उबदार. ‘दोन पिढ्या पुरेल असा दगड घातलाय’ असे अभिमानाने सांगायची रीत. त्या पहाटे दगडाची ती जाडीच लोकांच्या अंगावर आली. बऱ्याच ठिकाणी लाकडाचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या फसकन खाली बसल्या.

या घरांत आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे मदत घेऊन येणाऱ्यांचे लक्ष गेले नाही. घरात वर्षाची ज्वारी असे. भिंतीतल्या बळदात किंवा कणगीत. म्हणजे ज्याला आपण बाहेरून ‘सर्वस्व गमावलेला’ म्हणून पाव आणि बिस्किटे देत होतो, त्याचे धान्य तिथेच, त्याच्या पायाखाली, दगडांच्या ढिगात पुरलेले होते. ते काढायला त्याला पहार, फावडे, पोती आणि चार माणसांचे हात हवे होते. वरून पाऊस सुरू झाला. ढिगाऱ्यातले धान्य भिजले, कुजले. घरांच्याच तुळयांनी सरणे रचली गेली होती. ज्या लाकडावर ताडपत्री टाकून तात्काळ आडोसा उभा करता आला असता, ते लाकूड माणसे जाळण्यात संपले. त्या दिवसांत दुसरा इलाजही नव्हता.

मदतीला महाराष्ट्र धावला, याबद्दल शंका नाही. सैन्य आले, शासनयंत्रणा हलली, गणपती मंडळांनी वर्गणीतले उरलेले पैसे दिले, शाळकरी पोरांनी खाऊचे पैसे दिले. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. वाघोलीचे त्यांचे केंद्र त्यातूनच उभे राहिले. हे सगळे खरे. पण ट्रक भरून आले ते जुने कपडे. साड्या, सुटाच्या पँटी, लहान मुलींचे झालरीचे फ्रॉक. रस्त्याच्या कडेला त्यांचे ढीग मी पाहिले आहेत, पावसात भिजून दगडासारखे जड झालेले. एरवी लुगडे नेसणाऱ्या म्हाताऱ्यांनी त्या नायलॉनच्या साड्यांचे दोर वळले आणि शेळ्या बांधल्या. मला तो उपयोग फार समंजस वाटला.

जगभरच्या मदतसंस्था आज निवाऱ्याचा जो संच देतात तो पाहा. रेडक्रॉसच्या संचात एका कुटुंबाला चार बाय सहा मीटरच्या दोन ताडपत्र्या असतात. बरोबर दोर, हातोडा, खिळे, तार, करवत, फावडे. ज्याचे घर पडले तो बसून राहणार नाही, स्वतः काहीतरी उभे करणार, हे त्यात गृहीत धरलेले आहे. किल्लारीच्या शेतकऱ्याला नेमके हेच हवे होते. ऑक्टोबर म्हणजे रब्बीच्या ज्वारीची पेरणी. जमिनीत ओल होती. बैल वाचलेले असतील तर त्यांना आडोसा, बियाणे आणि पाभर मिळाली असती, तर माणूस दुःखातही शेतावर गेला असता. काही गेलेही. घरातली तीन माणसे गमावलेला एक शेतकरी दहाव्या-अकराव्या दिवशी पेरणीला गेला, तेव्हा शहरातून आलेल्या एका पाहुण्याने ‘काय निर्दय माणूस!’ असे उद्गार काढल्याचे मला तिथे सांगितले गेले. त्या पाहुण्याला ज्वारीचे वेळापत्रक ठाऊक नव्हते, एवढेच.

मग पत्र्याच्या शेड आल्या. तंबूपेक्षा पत्रा बरा, कारण तो वाऱ्या-पावसाला टिकतो, लवकर उभा राहतो आणि चोरीला गेला तर दिसतो. हा शेवटचा मुद्दा एका अधिकाऱ्याने मला अगदी गंभीरपणे सांगितला होता. भिंती पत्र्याच्या, छप्पर पत्र्याचे, रांगच्या रांग. एका कुटुंबाला एक खोली. हिवाळ्यात रात्री आत हुडहुडी भरे. एप्रिल-मे महिन्यात काय होत असेल, हे लातूरकडचे ऊन माहीत असणाऱ्यांना सांगायला नको. एक आजोबा म्हणाले, “सायब, ह्यो पत्रा दिसा ऊन गिळतो अन् रातच्याला ओकतो.” लोकांनी आपापल्या परीने उपाय केले. छपरावर कडबा पसरला, तो उडू नये म्हणून पडक्या घराचे दगड ठेवले. आतून शेणामातीने सारवले. बाहेर तट्ट्याची पडवी काढली आणि चूल तिथे नेली. दोन-तीन महिन्यांत सरकारी नकाशातली सरळ रांग वाकडीतिकडी होऊन तिला जरा गावपण आले. तपासणीला आलेल्या एका साहेबांना हे ‘अतिक्रमण’ वाटले. सुदैवाने ते एकच दिवस तिथे होते.

माझे काम खाती उघडण्याचे होते. मदतीची रक्कम धनादेशाने द्यायची, म्हणून ज्यांनी कधी बँकेची पायरी चढली नव्हती अशा शेकडो लोकांची बचत खाती उघडायची होती. एका झाडाखाली टेबल मांडून आम्ही दोघे-तिघे बसायचो. पुढे रांग. खाते उघडायला ओळख लागते आणि ओळखीचा प्रत्येक कागद दगडाखाली. शिधापत्रिका, सातबारा, मुलाचा शाळेचा दाखला, सगळेच. मग तलाठी किंवा गावातला कुणी जाणता बाजूला बसे आणि ‘हा अमक्याचा धाकटा’ असे सांगे. अंगठा उमटवताना बायका मान वळवून घेत. ज्या माणसाच्या जाण्याचे पैसे मिळणार, त्याच्या नावासमोरचा तो अंगठा असे.

सीमा ओलांडून जाणारा निर्वासित आणि आपल्याच देशात बेघर झालेला विस्थापित यांतला फरक मला त्या टेबलापाशी कळला. संयुक्त राष्ट्रांनी १९९८ मध्ये देशांतर्गत विस्थापितांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. त्यांत युद्ध आणि दंगलीबरोबरच नैसर्गिक आपत्तीने घर सोडावे लागलेल्यांचाही समावेश आहे, आणि हरवलेली ओळखपत्रे अवाजवी अटी न घालता पुन्हा देण्याची जबाबदारीही त्यांत शासनावर टाकलेली आहे. हे कलम ज्याने घातले, त्याने कधीतरी असे टेबल पाहिले असावे. आपल्या देशातला विस्थापित परक्याच्या दारात उभा नसतो. तो त्याच तहसिलीच्या, त्याच तलाठ्याच्या, त्याच रेशन दुकानाच्या दारात असतो. फक्त आता त्याला तो कोण आहे हे सिद्ध करावे लागते. कुटुंबाच्या यादीत पुरुषाचे नाव असे. तो गेला की नाव सासऱ्याचे येई, दिराचे येई. धाकटी विधवा सून यादीत कुठेच नसे. घोंगडी मिळे ती कुटुंबाला, शेड मिळे ती कुटुंबाला, आणि ती ज्या कुटुंबात मोजली जाई तिथे तिला कुणी विचारत असेलच असे नाही.

एक बाई पैसे काढायला आल्या होत्या. सगळेच काढू नका, थोडे खात्यात राहू द्या, असे मी सवयीने म्हणालो. त्या म्हणाल्या, “सायब, थोडेच काढते. लई काढून ठिवू कुठं? दाराला आतून कडी न्हाई.”

निवारा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे छप्पर येते. त्या बाईंच्या डोळ्यांपुढे कडी होती. शेडचे दार म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेला पत्रा. काही दारांना बाहेरून कोयंडा होता, आतून काहीच नव्हते. रात्री बायका दाराला खाट लावून झोपत, किंवा दोरीने दार खिळ्याला बांधत. रांगांत दिवे नव्हते. न्हाणी नव्हती. शौचासाठी अंधार पडण्याची वाट पाहायची आणि अंधार पडला की भीती वाटायची. गावात ज्या वाटेने आई-आजी जात आल्या, ती वाट कुणाच्या नजरेत आहे आणि कुणाच्या नाही हे ठाऊक असते. नव्या माळरानावर ते ठाऊक नसते. कड्या, टॉर्च, दोन बादल्या, घट्ट झाकणाची पेटी आणि कुलूप, एवढ्या वस्तू ट्रकमधून आल्या असत्या तर जुन्या कपड्यांच्या दहा ढिगांपेक्षा अधिक कामाला आल्या असत्या. बायकांच्या अडचणीच्या दिवसांतल्या कापडाचा विषय तर तेव्हा कुणी तोंडातून काढत नसे.

आज हे सगळे नियमांत लिहिलेले आहे. १९९४ च्या रवांडातल्या हत्याकांडानंतर निर्वासितांच्या छावण्यांत जे हाल झाले, त्यातून धडा घेऊन जगातल्या स्वयंसेवी संस्था आणि रेडक्रॉस १९९७ मध्ये एकत्र आल्या आणि ‘स्फिअर’ नावाची किमान मानके त्यांनी तयार केली. माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा, म्हणजे पाच जणांच्या घराला सुमारे एकशे नव्वद चौरस फूट. माणशी दिवसाला पंधरा लिटर पाणी. स्त्रियांच्या शौचालयाला आतून लागणारी कडी आणि रात्री उजेड. आपल्या २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या बाराव्या कलमातही निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांची किमान मानके ठरवायला सांगितली आहेत. विधवा आणि अनाथांसाठी वेगळी तरतूद करायलाही. कडी आता कागदावर आली, ही लहान गोष्ट नाही. कागदावरून ती दारावर येते का, हे मात्र दर वेळी नव्याने पाहावे लागते.

कायमच्या घरांची गोष्ट तशी वेगळी आहे, पण तिचे मूळ या शेडमध्येच आहे. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. बावन्न गावे संपूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. घर किती मोठे ते जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असणाऱ्याला अडीचशे चौरस फूट, मधल्याला चारशे, सात हेक्टरांच्या वर असणाऱ्याला साडेसातशे. कागदावर हे सोपे आणि हिशेबी आहे, बँकवाल्याला तर आवडावे असे. पण गाव जमिनीच्या आकड्याने बसलेले नसते. एका भावाकडे आठ हेक्टर, दुसऱ्याकडे वाटणीत कमी आलेले. पिढ्यान्पिढ्या एका भिंतीला लागून राहिलेली ही घरे आता वेगवेगळ्या रांगांत गेली. रुंद रस्ते, चौकोनी आखणी, शहरातल्या वसाहतीसारखे. शेजारीण हाकेच्या अंतरावर राहिली नाही. कुणाला घर मोठे मिळाले, पण ओसरी गेली. भूकंपात टिकतील अशी ही घरे आहेत, हेही तितकेच खरे आहे, आणि ज्यांनी माणसे गमावली ते ही गोष्ट आपल्यापेक्षा जास्त जाणतात. “घर पटत न्हाई, पर झोप लागती,” असे एकाने मला सांगितले होते.

या मोठ्या बांधकामापेक्षा मला जास्त मोलाचा वाटतो तो दुसरा, कमी गाजलेला भाग. ज्या गावांत घरे पडली नव्हती पण तडकली होती, तिथे दुरुस्ती आणि बळकटीकरणाचे काम घरमालकांनी स्वतः करायचे होते. पैसे टप्प्याटप्प्याने खात्यात. तेरा जिल्ह्यांतली सुमारे दोन लाख घरे त्यात होती. सुरुवातीला लोकांचा भरवसा बसेना; दुरुस्ती घेतली तर नवे घर मिळणार नाही, अशी भीती. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या बायकांना पुढे केले. संवाद सहायक म्हणून त्या घरोघर गेल्या, कोपऱ्यातला दगड कसा सांधायचा, माळवदावरची माती किती कमी करायची हे शिकल्या आणि गवंड्यांना विचारू लागल्या. पासबुक घेऊन बँकेत येणाऱ्या बायकांची संख्या त्या वर्षांत वाढली. हप्ता जमा झाला का, हे विचारायला त्या तिघी-चौघी मिळून येत आणि शिपायाला बाजूला सारून थेट टेबलापाशी येत. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या काही बायका तिकडच्या बायकांना भेटायला आणि काम दाखवायला गेल्या. कच्छमध्ये सरकारनेही घरे बांधून देण्यापेक्षा मालकाच्या खात्यात हप्त्याने पैसे देऊन त्यालाच बांधू देण्यावर भर दिला.

आता पत्र्याची जागा कंटेनरने घेतली आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाचलेल्या ठाकर कुटुंबांना चौकजवळ कंटेनरमध्ये हलवण्यात आले. त्याआधी, २०२१ च्या जुलैत, महाडजवळच्या तळियेतही हेच झाले. कंटेनर ट्रकवरून येतो, दिवसभरात मांडला जातो, त्याला वीज आणि पंखा असतो, दाराला कडी असते. हे पत्र्यापेक्षा पुष्कळ बरे. पण कंटेनरला पडवी काढता येत नाही, भिंतीला खिळा ठोकता येत नाही, कोंबड्या-शेळ्या कुठे ठेवायच्या हे कळत नाही, आणि काम संपले की तो उचलून नेतात. कुडाच्या भिंती आणि ओसरीत वाढलेल्या माणसाने त्या पेटीत स्वतःच्या हाताने करावे असे काहीच उरत नाही. दिवस कसा घालवायचा, हाही निवाऱ्याचाच प्रश्न आहे, असे मला तरी वाटते.

पत्रा निदान मागे राहतो. काही वर्षांपूर्वी एका साहित्य संमेलनाच्या निमित्ताने त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा नव्या वसाहतींतून फिरलो. सरकारी घरांच्या मागे-पुढे जुन्या शेडचे पत्रे सगळीकडे दिसले. कुणी न्हाणी केली होती, कुणी स्वयंपाकाची खोली, कारण सिमेंटच्या घरात चुलीचा धूर कोंडतो. एका घरामागे म्हशीचा गोठा होता. त्याच्या गंजलेल्या पत्र्यावर काळ्या रंगात एक आकडा अजून वाचता येत होता. तो शेडचा क्रमांक होता. आमच्या खातेउघडणीच्या फॉर्मवर पत्त्याच्या रकान्यात आम्ही तेच क्रमांक लिहीत असू. हा नंबर कसला, असे मी तिथल्या सुनेला विचारले. तिचा जन्म भूकंपानंतरचा, माहेर बीडकडचे.

“असंल काहीतरी दुकानदाराचं,” ती म्हणाली आणि कडब्याची पेंढी उचलून आत गेली.